हौसाबाईचा वस्तरा

परतताना शिक्रापूरला एस.टी. थांबली, तेव्हा चहाच्या कपावर फुंकर मारत गुरुजी म्हणाले, "काशिनाथ, हे सगळं विसरायच्या आत लिहून काढ. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांनी निदान वाचावं."

मी म्हणालो, "गुरुजी, माझा हात कैचीचा. लेखणी तुम्हीच धरा."

"मी लिहिलं तर त्याचं व्याख्यान होईल," गुरुजी म्हणाले. हे खरं होतं, म्हणून मी लिहायला बसलो आहे. मंडळातल्या भावाबहिणींनी भाषेकडं दुर्लक्ष करावं.

जे मंडळात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही खडकीतली तेरा-चौदा माणसं. दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. दर रविवारी संध्याकाळी गुरुजींच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढं त्रिसरण-पंचशील म्हणायचं आणि मग बोलत बसायचं, असा आमचा क्रम. गुरुजी म्हणजे सोनवणे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. एका रविवारी त्यांनी दानाचा विषय काढला. ज्याच्याजवळ जे असेल ते दुसऱ्याला द्यावं, आणि असं द्यावं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, असं ते म्हणाले. कंपाउंडर म्हणाला, मी खरजेचं औषध घेऊन खेड्यात जाईन. फिटर म्हणाला, मी कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायला शिकवीन. माझी पाळी आली. मी छावणीतल्या सलूनमध्ये काम करतो. ही कला मला एका म्हाताऱ्या मुसलमान हजामानं शिकवली. मी म्हणालो, "माझ्याजवळ काय? कैची." सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत.

"खेड्यात आपल्या माणसाची हजामत कोण करतं, सांग बरं."

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गावचा न्हावी म्हशी भादरतो, आमची डोकी भादरत नाही. माझे वडील माझे केस मेंढ्यांच्या कातरीनं कापायचे. त्या कातरीची खूण माझ्या डाव्या कानामागं अजून आहे.

मग ठरलं ते असं : दहा दिवसांची रजा काढायची, दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतल्या चार ठिकाणी जायचं, प्रत्येक ठिकाणी एका माणसाला हजामत शिकवायची आणि हत्यारं तिथंच ठेवून यायची. छावणीच्या जुन्या बाजारातून मी वस्तरे, कैच्या, मशीन आणि फण्या जमवल्या. चार धोकट्या भरल्या. गुरुजी बरोबर निघाले, कारण जिथं जाऊ तिथं वंदना घ्यायला आणि दोन शब्द सांगायला कुणीतरी हवं.

दौंड

दौंडला उतरलो ते कोळशाचे कण डोळ्यांत घेऊनच. तिथं रेल्वेच्या वसाहतीत आमचे बरेच लोक खलाशी आणि पॉइंट्समन आहेत. एका खलाशाच्या घरी उतरलो. बाईंनी बोंबलाचं कालवण आणि बाजरीची भाकरी केली होती. गुरुजींनी दीक्षेनंतर मांसमच्छी सोडली आहे, पण तसं सांगायला त्यांची जीभ रेटेना. कालवणातले बोंबील त्यांनी हळूच माझ्या ताटात सरकवले. बाईंना वाटलं मला फार आवडतात, म्हणून त्यांनी आणखी वाढले. रात्री माझ्या पोटाला तडस लागली.

इथलं काम सोपं गेलं. रेल्वेची वस्ती म्हणजे दहा मुलखांची माणसं, कोण कुणाची जात विचारत बसतो? नळावर रांगही एकच. शिकायला तिघं पुढं आले. एक धोकटी तिघांत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राहूला जाणारी बैलगाडी धरली.

राहू

राहूच्या बाजूला ऊस. गाडीवाट उसातून जाते तेव्हा दोन्ही बाजूंनी पानं अंगाला घासतात आणि अंगभर खाज सुटते. पण गुऱ्हाळाचा वास आला की खाज विसरायला होते. आमची वस्ती गुऱ्हाळांवर राबणारी. चुलवाणात जाळ घालणारा एक मारुती नावाचा गडी शिकायला बसला. त्याच्या भुवया जाळानं कधीच गेल्या होत्या, त्यामुळं तो सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. दोन दिवसांत त्याला मशीन छान चालवता येऊ लागलं. त्यानं मला ताज्या गुळाचा हळदीसारखा पिवळाधमक गोळा आणून दिला आणि काकवीची बाटली वेगळी. खडकीत आम्ही जो गूळ खातो त्याला गूळ म्हणायची आता मला लाज वाटते.

भीमेच्या पल्याड

राहूहून शिरूरच्या बाजूला जायचं तर भीमा ओलांडावी लागते. आम्ही होडी शोधत होतो. काठावर इब्राहीमचाचा भेटले. त्यांनी बोट दाखवलं ते गूळ करायच्या मोठ्या काईलीकडं. जुनी झालेली काईल पाण्यात सोडून त्यांनी तिचीच होडी केली होती.

गुरुजी दचकले. "यात बसायचं?"

"बसायचं व्हय, उभं न्हाई ऱ्हायचं," चाचा म्हणाले. "आन् हालायचं न्हाई. काईल हाय ही, आगबोट न्हाई."

काईल गोल, त्यामुळं ती पुढं जाते त्यापेक्षा जास्त फिरते. मधोमध गेलो तेव्हा गुरुजींनी घाबरून पाय लांब केला आणि त्यांची एक वहाण पाण्यात पडली. ती आमच्यापेक्षा सरळ गेली. गुरुजींनी पायातल्या दुसऱ्या वहाणेकडं थोडा वेळ पाहिलं आणि तीही सोडून दिली. म्हणाले, "ज्याला मिळेल त्याला जोड तरी मिळू दे."

पैलतीरी चाचांना मी म्हणालो, "बसा, दाढी करून देतो." ते वाळूत बसले. दाढी कोरून झाल्यावर त्यांनी पाण्यात वाकून चेहरा पाहिला, आणि आम्हाला तिसऱ्या ठिकाणी, निमोण्याला न्यायला आपल्या भाच्याची गाडी बोलावली. गाडीत गुरुजींच्या पायांखाली त्यांनी स्वतःचं घोंगडं अंथरलं.

निमोण्याला आमच्या माणसांनी शेतात हुरडा केला. पुण्यात थंडी म्हणजे स्वेटर. इथं थंडी म्हणजे आगटीभोवती बसून गरम कणसं हातावर चोळायची आणि लसणाच्या चटणीबरोबर फक्की मारायची. तिसरी धोकटी तिथं एका मिलिटरीतून सुटून आलेल्या माणसाला दिली. त्याला शिकवायची गरजच नव्हती, फक्त हत्यारं नव्हती.

चौथं गाव

चौथ्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ते लोक तिथंच राहणार आहेत.

गाव आणि आमची वस्ती यांच्यामध्ये एक ओढा आहे. गावाच्या तोंडी अजून महारवाडा. वस्तीतल्या लोकांनी फळीवर चुन्यानं 'बुद्धवाडी' लिहून ती लिंबाला टांगली होती. दीक्षा घेतल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, आणि त्या दिवसापासून गावानं त्यांच्याशी बोलणं बंद केलं. शेतावर काम मिळेना. बाया-गडी चार मैलांवर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे.

संध्याकाळी वंदना झाली. गुरुजी बोलले. मग मी धोकटी उघडून मांडली आणि विचारलं, "कोण शिकणार?"

भिवाआबा म्हणून तिथले वडीलधारे होते, सत्तरीचे. ते म्हणाले, "पाव्हनं, राग मानू नका. ढोरं वढायची सोडली. पाटलाचा सांगावा न्यायचा सोडला. एक वझं टाकलं, आन् तुम्ही आमच्या डोईवर न्हाव्याची धोकटी ठिवताय. आमी कुनाची तरी सेवाच करायची का?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सलूनमध्ये काम करतो, मला पगार मिळतो, यापलीकडं मी कधी विचार केला नव्हता. गुरुजींनी उत्तर दिलं. काम हलकं नसतं, ते बळजबरीनं माथी मारलं की हलकं होतं, असं त्यांनी तासभर समजावलं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं आणि कुणीही जागचं उठलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "म्या शिकते."

ती हौसाबाई. तिशीची, अंगानं काटक, भिवाआबांची विधवा सून. गडी माणसं एकदम बोलू लागली. भिवाआबांनी हात वर केला. "बाईमानसाच्या हाती वस्तरा? परक्या गड्यांच्या गालाला हात लावणार तू?"

हौसाबाई उभी राहिली. पदर सारखा केला. "आबा, मालक सुरुंगात भाजून पडलं, तवा चार म्हैनं त्येंचं त्वांड म्याच धूत व्हते. जखमा सोडून दाढी म्याच कातरत व्हते. तवा कुनी बाईमानूस म्हनलं न्हाई." मग आमच्याकडं वळून म्हणाली, "माझा भाऊ हितंच माझ्यासंगं ऱ्हातो, आयतवारी त्येचं लगीन हाय. वाडीतलं पयलं बुद्धाच्या रीतीचं. आजपातुर आमचा नवरदेव शिरूरच्या बाजारात जाऊन, जात लपवून भादरून यायचा. माझा भाऊ लपून न्हाई जायचा. त्यो हितं, आपल्या दारात, उजेडात बसंल."

भिवाआबा उठले आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं.

सकाळी उठून पाहतो तर हौसाबाईच्या दारात एक मडकं पालथं घातलेलं आणि शेजारी भिवाआबा उभे. म्हणाले, "आदी ह्येच्यावर हात बसव. ह्येला रगात न्हाई."

तसं शिक्षण सुरू झालं. मडक्याला साबणाचा फेस लावायचा आणि ओरखडा न उमटवता वस्तऱ्यानं तो काढायचा. हौसाबाईचा हात फार जड होता. पहिल्या दिवशी तिनं दोन मडकी फोडली. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आता माझी कर." वाडीतली निम्मी माणसं बघायला जमली. मी हजारो गळ्यांवर वस्तरा फिरवला आहे, पण आपल्या गळ्यावर फिरतो तेव्हा कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. तिनं मला हनुवटीवर एकदा आणि गालावर दोनदा कापलं. तुरटी लावताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. खडी फोडून हात दगूड झालाय."

"व्हईल की!" आवाज ओढ्यापलीकडून आला. "मनगाट सोड, मनगाट! कुऱ्हाड हाय का ती?"

ओढ्याच्या पलीकडं बाभळीखाली एक म्हातारा बसला होता. समोर अर्धी भादरलेली म्हैस. त्याच्या गालांवर पांढरे खुंट वाढले होते.

"रामाआप्पा," भिवाआबा हळूच म्हणाले. "गावचा न्हावी."

रामाआप्पा तिथूनच हवेत हात हलवून दाखवत होता. "बोटानं धर, मुठीत न्हाई. कातडं डाव्या हातानं तान, मंग वस्तरा आपसूक जातो." हौसाबाईनं मडकं घेतलं, ओढ्याच्या काठावर जाऊन बसली, आणि तो सांगेल तसं करू लागली. तो ओरडायचा, ती करायची. मधून ओढा वाहत होता. मी खडकीचा कारागीर, मी नुसता बघत उभा राहिलो. माझ्या उस्तादानं मला जे सहा महिन्यांत शिकवलं ते हा माणूस लांबून ओरडून एका दुपारी शिकवत होता.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यात उतरून अलीकडच्या दगडावर आला. कमरेची पिशवी सोडून त्यानं आपली पथरी काढली, वस्तऱ्याला धार लावायचा गुळगुळीत काळा दगड. हौसाबाईनं हात पुढं केला. त्यानं पथरी हातात दिली नाही. जमिनीवर ठेवली, दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "घी." तिनं ती उचलली. तिचा चेहरा मला दिसला. तिला ते लागलं होतं. पण ती म्हणाली, "धार कशी लावू, आप्पा?"

मी त्याला विचारलं, "आप्पा, तुम्ही हे का शिकवताय? गाव काय म्हणेल?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं वाऱ्यावर पानं हलावीत तशी हलत होती. "दोन वरसं झाली. मान्सं गाल देत न्हाईत आता. पुतन्या शिरूरास्नं आठवड्याला येतो, गाव त्याच्याकडं बसतं. मला म्हशी ऱ्हायल्या. म्हस बोलत न्हाई." मग म्हणाला, "हात ग्येला, पर डोळ्याला दिसतंय ना. चुकीचं धरल्यालं बघवत न्हाई."

रविवार उजाडला. हौसाबाईनं दारात पोतं अंथरलं. भाऊ पांढरा सदरा काढून बसला. वाडीतली सगळी माणसं गोल करून उभी. ओढ्यापलीकडं गावातलीही दहा-वीस माणसं येऊन थांबली होती. ती कशासाठी आली होती ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तरण्या पोरांनी काठ्या जवळ ठेवल्या होत्या. हौसाबाईनं कुणाकडंच पाहिलं नाही. फेस केला. डाव्या हातानं कातडं ताणलं. वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत उतरला आणि मागं स्वच्छ गाल दिसला. दोन्ही गाल, मिशीची कड, मान. एक थेंब रक्त नाही. तिनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि भावाला आरसा दिला. तो बराच वेळ आरशात बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, मी लई बरा दिसतो की गं!" सगळी वाडी हसली. पलीकडची माणसं थोडा वेळ थांबली आणि आपापल्या वाटेनं गेली.

लग्न गुरुजींनी लावलं. मूर्तीपुढं मेणबत्त्या, पांढरे कपडे, दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार. वाजंत्री नव्हती. मुलांनी पत्र्याचे डबे वाजवले. जेवायला गुळवणी आणि भात. राहूची काकवीची बाटली तिथंच संपली. भिवाआबांनी मला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "पाव्हनं, तुमचा राग आला व्हता. गेला." एवढंच. मी दोन घास जास्त जेवलो.

आम्ही सोमवारी सकाळी निघणार होतो. ऊन चांगलं वर आलं होतं, गाडी जुंपली होती. गावातली माणसं ओढ्याकडच्या वाटेनं शेतांकडं चालली होती. त्यांच्यामधून रामाआप्पा आला. ओढ्यात उतरला. दगडावर थांबला नाही. अलीकडं चढला, वस्तीत आला, हौसाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. पोतं अजून तिथंच होतं. तो गुडघे धरून त्यावर बसला, डोईचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, आणि म्हणाला, "माझी कर."

हौसाबाई उंबऱ्यात उभी होती.

"आप्पा, बघत्यात समदी."

"बघू दे. चाळीस वरसं त्येंची डोकी माझ्या हातात व्हती. पंधरा दिस झालं, माझं त्वांड मला धड करता येत न्हाई. ज्येला येतं त्येच्याकडं आलो."

वाटेवरची माणसं खरंच थांबली होती. कुणीतरी मोठ्यानं काहीतरी म्हणालं. रामाआप्पानं मान वळवली नाही.

हौसाबाई आत गेली. घरातल्या मडक्यातलं पाणी तांब्यात घेऊन आली. हात धुतले, पदराला पुसले. फेस केला आणि त्याच्या समोर उकिडवी बसली. पहिल्यांदा तिची बोटं त्याच्या हनुवटीपाशी जाऊन थांबली. मग तिनं हनुवटी धरली आणि वर उचलली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

वस्तऱ्याचा खरखर आवाज तेवढा येत होता. गाडीवानानं बैलांच्या वेसणी धरून ठेवल्या होत्या, घुंगरू वाजू नयेत म्हणून.

दाढी झाली. हौसाबाईनं फडक्यानं तोंड पुसलं. रामाआप्पानं तळहातानं एक गाल तपासला, मग दुसरा, मग गळ्याखाली उलट बोटं फिरवली. गिऱ्हाइकाच्या नव्हे, कारागिराच्या हातानं. मला भीती वाटली की तो काहीतरी चूक काढील.

त्यानं मुंडासं बांधलं. उठायला हात पुढं केला आणि हौसाबाईनं तो धरून त्याला उठवलं.

"परत कवा येऊ?" त्यानं विचारलं.

हौसाबाईनं वस्तरा पुसून मिटला. "शनवारी या, आप्पा," ती म्हणाली. "आयतवारी गर्दी असती."